एका शब्दाचा सातबारा

सरकारी दप्तरात लिहिला गेलेला शब्द काव्यातील शब्दापेक्षा अधिक चिवट असतो, असे म्हटले तर वाचकांस ती अतिशयोक्ती वाटेल. कविता रुचली नाही तर पुस्तक मिटता येते. पण पटवाऱ्याने जमिनीच्या रकान्यात जो शब्द एकदा लिहून ठेवला, तो पुसावयाचा तर तहसील कचेरीपासून थेट दिल्लीपर्यंत पायपीट करावी लागते. पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ या जोडशब्दाची कथा अशीच आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन शब्दांचा निवाडा केला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे, सुमारे ८६ हजार हेक्टर वादग्रस्त जमीन, आणि तिच्यावर उभी असलेली घरे, शेते, शाळा, कचेऱ्या व स्मशानभूमी यांचे भवितव्य त्या निवाड्यावर टांगलेले होते. ही कथा महसूल खात्याची किंवा वन खात्याची म्हणून पुष्कळांनी सांगितली आहे. आम्ही ती भाषेची कथा म्हणून सांगू इच्छितो. कारण कामकाजाच्या लिखाणात संज्ञा कशी निवडावी आणि ती बेसावधपणे निवडली तर काय होते, याचा इतका बोलका दाखला आपल्या मराठी मुलखात दुसरा क्वचितच सापडेल.

चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय अंगाचा गोंडपिपरी तालुका डोळ्यांसमोर आणावा. एका हातास वर्धा, दुसऱ्या हातास वैनगंगा. खाली दोघींचा संगम होऊन प्राणहिता वाहू लागते आणि पैलतीरी तेलंगणाचा मुलूख सुरू होतो. बाजाराच्या दिवशी येथे मराठी, गोंडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. दप्तराची भाषा मात्र या तिन्हींहून वेगळी, अनेक राजवटींच्या थरांनी बनलेली आहे. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. स्वातंत्र्यानंतर हा प्रदेश मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सव्वादोनशे वर्षांच्या आत इतक्या राजवटी बदलल्या, पण दर वेळी नव्या कारकुनाने जुन्या कारकुनाचा शब्द तसाच उतरवून घेतला. राज्ये गेली, शब्द राहिले.

यांतील काही शब्द नीट टिकले. ‘निस्तार’ हा त्यांपैकी एक. सरपणाचा भारा, नांगराचे लाकूड, घराची बल्ली, कुंपणाचा काटा, गुरांची चराई या गावकऱ्यांच्या नित्याच्या गरजा भागविण्याचा हक्क म्हणजे निस्तार. शब्द उत्तरेकडचा असला, तरी ‘निस्तरणे’ हे क्रियापद मराठी माणसास परके नसल्याने तो येथे सहज रुळला. परंतु तो टिकला तो केवळ रुळला म्हणून नव्हे. कोणत्या गावाने कोणत्या जमिनीवरून काय आणि कोणत्या अटीवर न्यावे, हे ज्यात लिहून ठेवावयाचे, ते ‘निस्तार पत्रक’ त्याच्या जोडीला होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही हे पत्रक आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ हे गावच्या रूढींचे जुने टिपण, दोन्ही त्यांच्या जुन्या नावांनिशी कायम ठेवली. शब्द परिचित, आणि त्याचा अर्थ कागदावर बांधलेला. म्हणून शंभर वर्षांनंतरही ‘निस्तार’ म्हणजे काय यावर फारसा वितंडवाद माजला नाही.

‘झुडपी जंगल’ या शब्दाच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. मध्य प्रांतात मालगुजारीची पद्धत होती. मालगुजार सरकारात सारा भरी आणि गावची लागवडीखाली नसलेली जमीनही त्याच्याच ताब्यात असे. मेजर लूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. अशा जमाबंद्यांमध्ये मुख्य प्रश्न एकच असे: कोणत्या जमिनीवर किती सारा बसवावयाचा? पिकाऊ जमिनीची प्रतवारी बारकाईने होई. जिच्यावर सारा बसवावयाचा नाही, त्या जमिनीसाठी मात्र एखादा ढोबळ शब्द पुरेसा वाटे. खुरटी झुडपे वाढलेली, नांगरास न मानवणारी, गुरे चारण्याच्या उपयोगाची हलकी पडीत जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली. याच जुन्या प्रांताच्या हिंदी भागात ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’ अशा नोंदी झाल्या आणि त्यांच्यावरूनही मध्य प्रदेशात व छत्तीसगडात वाद झाले आहेत. नोंद करणाऱ्यास त्या शब्दाने झाडांविषयी सिद्धान्त मांडावयाचा नव्हता. ‘येथे सारा नाही’ एवढेच सांगावयाचे होते.

येथे ‘जंगल’ या शब्दाच्या पूर्वेतिहासाकडे थोडे वळावे लागते. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, कमी पाण्याचा प्रदेश. आयुर्वेदाच्या ग्रंथांत पाणथळ ‘आनूप’ देशाच्या विरुद्ध ‘जांगल’ देश सांगितला आहे. म्हणजे मूळ अर्थाने जंगल हे घनदाट अरण्य नव्हेच. ते उजाड, मोकळे रान होय. पुढे लोकभाषेत हा अर्थ हळूहळू पालटला, इंग्रजांनी तो शब्द आपल्या भाषेत नेला आणि आज जगभर ‘जंगल’ म्हटले की सूर्यकिरण न शिरणारे अरण्यच डोळ्यांपुढे उभे राहते. झुडपे असलेल्या पडीत जमिनीस जंगल म्हणणारा कारकून त्या जुन्या अर्थाच्या जवळ उभा होता. त्याचा कागद वाचणारी पुढची पिढी नव्या अर्थाच्या काठावर उभी होती. शब्द तोच, पण मधल्या काळात त्याच्या खालची जमीन सरकली होती.

तरीही पुष्कळ वर्षे काही बिघडले नाही, कारण त्या शब्दावर काहीच अवलंबून नव्हते. मालगुजारी नष्ट करणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजारांच्या पडीत जमिनी सरकारच्या झाल्या. गावे वाढली. जागा लागली ती शाळेस, दवाखान्यास, पंचायतीच्या इमारतीस, भूमिहीनांच्या घरांस. ती हातासरशी मिळाली झुडपी जमिनीतून, आणि पुष्कळदा सरकारनेच रीतसर वाटून दिली. रकान्यातील ‘जंगल’ हा शब्द तसाच राहिला, कारण तो बदलण्याची निकड कोणास वाटली नाही.

मग १९८० चा वन (संवर्धन) अधिनियम आला. वनजमीन वनेतर कामासाठी वापरावयाची तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी हवी, असा त्याचा आशय. वाचकांस नवल वाटेल, पण ज्या ‘वन’ शब्दावर हा सारा कायदा उभा होता, त्याची व्याख्याच त्यात नव्हती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातही ती नव्हती. ही पोकळी तमिळनाडूतून आलेल्या गोदावर्मन तिरुमुल्पाद यांच्या याचिकेत भरून निघाली. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ‘वन’ हा शब्द त्याच्या शब्दकोशातील अर्थाने घ्यावा. शिवाय जे क्षेत्र सरकारी नोंदीत वन म्हणून दाखविलेले असेल, तेही मालकी कोणाचीही असली तरी वनच समजावे. कायद्याने जे काम करावयाचे ते शब्दकोशावर आणि जुन्या नोंदवहीवर येऊन पडले. त्या दिवसापासून मध्य प्रांताच्या त्या ढोबळ नोंदीस असे बळ चढले, की जे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

२०२५ चा निकाल याच वाटेने गेला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल जमिनी १९९६ च्या आदेशानुसार वनजमिनीच आहेत असे ठरविले. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी ज्या जमिनी वाटून दिल्या होत्या, त्यांच्यासाठी अपवाद म्हणून मार्ग मोकळा ठेवला. राज्याने केंद्राची मंजुरी मागावी आणि अशा जमिनींवर पर्यायी वनीकरणाची व त्यासाठीच्या रकमेची अट लादू नये, असा तो मार्ग. त्यानंतरच्या वाटपांची मात्र कसून चौकशी व्हावी, असे बजावले. या निकालावर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. झुडपांनाही आपले जीवन आहे. ससा, तितर, लावे आणि चरावयास बाहेर पडलेले चितळ यांना ते खुरटे रान उपयोगी पडते, आणि मोकळी जमीन दिसताच तिच्यावर डोळा ठेवणारे व्यापारी हातही थोडे नाहीत. आमचे म्हणणे इतकेच की, हा निर्णय जमीन पाहून, गाव पाहून, माणसे आणि पाखरे पाहून पूर्वीच व्हावयास हवा होता. तो झाला नाही. म्हणून अखेर एका शब्दास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे लागले, आणि त्या शब्दास स्वतःचा अर्थ सांगता येत नव्हता.

यावर कोणी म्हणेल की, दोष लोकभाषेचा आहे. रानातला, बाजारातला शब्द दप्तरात घेतला की असेच व्हावयाचे. म्हणून शास्त्रशुद्ध नवे शब्द घडवावेत. हा उपायही आपल्याकडे जुना आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला. फारसी व दखनी वळणाच्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले होते. अष्टप्रधानांची नावे याच विचाराने बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. त्यामागील स्वाभिमान थोर होता आणि ‘सचिव’ व ‘सेनापती’ आजही आपण वापरतो. पण ‘पेशवा’ हा फारसी शब्दच पुढे शंभर वर्षे पुण्यास राज्य करता झाला, आणि तारीख, जमीन, हुकूम, जमा, शिल्लक हे शब्द शेतकऱ्याच्या जिभेवरून कोणी उतरवू शकले नाही.

तोच प्रयोग विसाव्या शतकात नागपुरात पुन्हा झाला. डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या बळावर इंग्रजी पारिभाषिक संज्ञांना पर्याय देण्याचा अवाढव्य उद्योग आरंभिला आणि तत्कालीन प्रांतिक सरकारचा त्यास आश्रय लाभला. त्यांची विद्वत्ता निर्विवाद होती. पण त्यांचे पुष्कळ शब्द कोशातून कचेरीत आणि कचेरीतून चावडीवर पोहोचले नाहीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आणि १९७३ मध्ये ‘शासन व्यवहार कोश’ निघाला. त्या श्रमांचे ऋण आम्ही मानतो. ‘अभियंता’ आणि ‘परिपत्रक’ हे शब्द आज परके वाटत नाहीत हे त्यांचेच यश. परंतु शुद्ध शब्द म्हणजे स्पष्ट शब्द नव्हे, हेही त्याच अनुभवाने शिकविले.

वनाच्याच कायद्यातील एक उदाहरण घेऊ. १९२७ च्या अधिनियमात वनांचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यांना मराठीत ‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’ म्हणतात. दोन्ही शब्द निर्दोष, सोपे, ऐकावयास गोड. पण गोंडपिपरीच्या एखाद्या गुराख्यास विचारावे की या दोहोंत भेद काय? राखून ठेवणे आणि संरक्षण करणे यांत त्यास भेद दिसणार नाही, आणि तो दिसत नाही यात त्याचा काही दोष नाही. कायद्याने मात्र दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर ठेवले आहे. राखीव वनात जे करण्याची परवानगी दिलेली नाही ते सारे वर्ज्य. संरक्षित वनात जे वर्ज्य म्हणून सांगितलेले नाही त्याला साधारणतः मुभा. एका शब्दाच्या जागी दुसरा समजून जो गाय घेऊन आत शिरला, त्याने दंड भरला. भेद ज्या ठिकाणी आहे त्या ठिकाणी शब्दाने बोट ठेवले नाही, तर तो शब्द शुद्ध असूनही अंध होय.

बांबूची कथा याहून बोधप्रद आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवताच्या कुळातले; बुरडाच्या दृष्टीने ते त्याचे अन्न. परंतु १९२७ च्या अधिनियमाने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबू स्पष्ट शब्दांत ‘गौण वनोपजा’त मोडतो असे म्हटले आणि त्यावर गावाची मालकी मान्य केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना कोणी द्यावयाचा, यावरून तो अडला. कारण एका कायद्याचा वृक्ष दुसऱ्या कायद्याचे गौण वनोपज झाला होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यास आले, तेव्हा ग्रामसभेच्या हाती परवान्यांचे पुस्तक पडले. ‘वृक्ष’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढून टाकणारी दुरुस्ती २०१७ अखेरीस निघाली. वेळूचे एक बेट तेच, माती तीच. पण नाव बदलताच त्याचा धनी बदलला.

‘गौण’ या विशेषणाकडेही वाचकांनी पाहावे. मोहफूल आणि तेंदूपत्ता कोणासाठी गौण? सागाच्या लिलावावर ज्या खजिन्याची नजर, त्याच्यासाठी. उन्हाळ्याचे काही आठवडे पाने तोडून ज्या घरची वर्षभराची मीठमिरची भागते, त्या घरासाठी ते मुख्यच असते. तसाच ‘अतिक्रमण’ हा शब्द. आजोबांच्या काळापासून कसत आलेल्या जमिनीवर बसलेला माणूस एके दिवशी कागदावर अतिक्रमक झाला. २००६ च्या कायद्याने त्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली आणि तोच माणूस, पात्र ठरला तर, ‘वनहक्कधारक’ झाला. संज्ञा निवडणारा कोठे उभा आहे, हे संज्ञा सांगून जाते. म्हणून ती निवडताना आपण कोणाच्या अंगणात उभे आहोत, हे आधी पाहावे लागते.

मग उत्तम संज्ञा कोणती? तिचाही दाखला याच रानात सापडतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात हिशेब चालतो तो ‘प्रमाण गोणी’वर. गोणी म्हणजे काय हे सांगावयास नको. पण गोण्या लहानमोठ्या असतात आणि लहानमोठेपणात मजूर नागवला जातो. म्हणून ‘प्रमाण’ हा शब्द पुढे लावून संख्या बांधून टाकली: महाराष्ट्रात सत्तर पानांचे एक पुडके आणि अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. निरक्षर बाईसही आपली पुडकी मोजता येतात आणि कंत्राटदाराच्या मुनशीस उलटे विचारता येते. अर्धा शब्द लोकांचा, अर्धा मोजमापाचा. दोन्ही मिळून न्याय होतो. याउलट, आमच्या भागात ‘मामा तलाव’ म्हणून जे प्रसिद्ध आहेत, त्यांच्या मामाचा शोध बाहेरच्या माणसाने घेऊ नये. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे कागदावर ‘मा. मा.’ अशी लिहिली जात. त्यांतून हा मामा जन्मास आला. नाव गोड आहे आणि निरुपद्रवीही; पण संक्षेप उलगडून सांगणारा माणूस गेला की संक्षेपाचा अर्थ त्याच्याबरोबर जातो, हे त्यावरून ध्यानी यावे.

सरकारास अधूनमधून नवी नावे ठेवण्याची हौस येते. विदर्भात ज्यास पटवारी म्हणत, तो महाराष्ट्रात तलाठी झाला. २०२४ मध्ये त्यास ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे पदनाम मिळाले. त्यास आमची हरकत नाही. परंतु नोंद करणाऱ्याचे नाव बदलण्यापेक्षा नोंदीतील शब्दाचा अर्थ बांधणे अधिक निकडीचे आहे. आज सातबारा यंत्रावर निघतो, नकाशे उपग्रहावरून काढले जातात. यंत्र शब्द जलद उतरवते, पण अर्थ विचारत नाही. चुकीचा शब्द ते अधिक वेगाने आणि अधिक ठिकाणी पोहोचवते इतकेच.

आम्ही धर्मगुरूही एका अर्थाने दप्तरदारच आहोत. स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या, मृत्यूच्या नोंदवह्या धर्मग्रामात लिहिल्या जातात आणि जे आज जन्मलेलेही नाहीत, ते उद्या त्या उघडून आपली वाडवडिलांची नाती शोधणार असतात. कचेरीत, कारखान्यात, दवाखान्यात, पतपेढीत लेखणी चालविणारी आपल्या समाजातील तरुण मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना आमचे सांगणे थोडकेच आहे. ज्याच्या कामासाठी लिहावयाचे, त्याच्या तोंडचा शब्द घ्यावा. त्याचा अर्थ त्याच कागदावर एकदा बांधून ठेवावा. एका वस्तूस एकच नाव द्यावे, आणि जेथे दोन वस्तूंत भेद आहे तेथे तो नावातच दिसू द्यावा. लिहून झाल्यावर तो शब्द ज्यास सोसावा लागणार आहे, त्यास एकदा वाचून दाखवावा.

हे शेवटचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ. मध्य प्रांताच्या त्या नोंदी होत असताना पारावर बसलेल्या कोणा म्हाताऱ्यास ‘झुडपी जंगल’ हे शब्द वाचून दाखविले असते, तर त्याने कदाचित सांगितले असते की, अमुक तुकडा चराईचा आहे, तमुक गावठाणाशेजारचा आहे, आणि पलीकडचा खरोखरच रानाचा. एका शब्दाच्या जागी तीन शब्द लिहावे लागले असते. तीन शब्दांना फार तर दौतीत बुडविलेला एक टाक पुरला असता. ते न लिहिल्याची किंमत अनेक पिढ्या मोजली गेली आणि सहा जिल्ह्यांत ती अजून मोजली जात आहे.